रक्ताला गार पाणी

"हलू नकोस रे, नाहीतर केसांबरोबर कानही जाईल," झिरोकट म्हणाला आणि त्याने तुरटीचा खडा धाकट्याच्या डोक्यावर असा दाबला, की खुर्चीतला तो दांडगा गडी लहान पोरासारखा किंचाळला.

रक्त काही थांबेना. दगड भांगाच्या जरा मागे बसला होता. तिथून निघालेली धार कानामागून मानेत आणि मानेवरून कॉलरमध्ये उतरत होती. खुर्चीमागे त्याचा थोरला भाऊ उभा होता, आणि तो जखमेपेक्षा कॉलरकडेच जास्त बघत होता. त्याची माया कमी होती अशातला भाग नाही. जन्मभर कपडे धुतलेल्या माणसाची नजर जिथे जायची तिथेच जाते.

"शर्ट काढ त्याचा," थोरला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता गार पाण्यात टाकतो. रक्ताला गरम पाणी दाखवायचं नसतं. ते कापडात शिजतं. मग कापड फाटेल, पण डाग जायचा नाही."

"इथे माझं डोकं फुटलंय आणि ह्याला शर्टाचं पडलंय!"

"डोकं भरून येतं. नवा शर्ट कोण देणार आहे तुला आता?"

झिरोकट खो खो हसला. धाकटाही हसला आणि लगेच कळवळला.

थोरल्याला सगळे कडक म्हणत. त्याच्या इस्त्रीमुळे हे नाव पडलं होतं, स्वभावामुळे नव्हे. स्वभावाने तो चोळामोळा झालेल्या रुमालाइतका मऊ. छावणीच्या मोठ्या फाटकासमोर त्याची लाँड्री होती. पलटणीच्या वर्द्यांना तो अशी खळ घालायचा, की पॅन्ट जमिनीवर उभी केली तर माणसावाचून उभी राहील. शेजारचं दुकान झिरोकटचं. पोरसवदा होता तेव्हापासून त्याने सैनिकांचीच डोकी भादरली. कानावर केस राखून कापायचे कसे हे तो विसरूनच गेला होता. दोघांचा व्यवहार सोपा होता. ह्याचे कपडे त्याने धुवायचे, त्याची दाढी ह्याने करायची, पैशाचं नाव काढायचं नाही.

धाकट्याला आईबापांच्या मागे कडकने आणि त्याच्या बायकोनेच वाढवलं होतं. छावणीच्या कोठारात तो पोती उचलायचा. पलटणी गेल्या, कोठाराला कुलूप लागलं आणि ओस पडलेल्या बराकींवर राखणदार म्हणून ठेकेदाराने त्याला ठेवला. एक काठी दिली, एक शिट्टी दिली. तिघांच्या घरात आता तेवढाच एक पगार येत होता.

"कोणी मारला दगड?" झिरोकटने विचारलं.

"आपलीच माणसं. खिडक्यांच्या चौकटी उपटत होते. मी शिट्टी मारली तर ट्रंकवाला म्हणतो कसा, 'घरी जा रे, तुझ्या वहिनीला सांगेन.' आणि वर धोंडा घातला."

"ओळख आहे ना, म्हणून," झिरोकट जखमेभोवतीचे केस मशीनने उडवत म्हणाला. एक बाजू उडाली, मग दुसरी ठेवून काय करायची म्हणून त्याने सगळंच डोकं साफ केलं. "परका माणूस असता तर टरकले असते. लंगोटीतला बघितलेला राखणदार, त्याला कोण भिणार?"

खुर्चीतून उठलेल्या धाकट्याकडे कडक बघतच राहिला. बोडकं डोकं, जाड मान, रुंद खांदे. फाटकातून रोज संचलनाला जवान बाहेर पडायचे, त्यांच्यातलाच एक वाटत होता. तिथेच ती कल्पना कडकच्या डोक्यात शिरली, आणि तो ती कोणापाशी बोलला नाही.

छावणी बंद झाली असती, तर लोक एकदाच गळा काढून रडले असते आणि मोकळे झाले असते. ती बंद झाली नाही, आटली. आज एक पलटण गेली, पुढच्या महिन्यात दुसरी, आणि शेवटी उरले मूठभर कारकून आणि एक ध्वज. फाटकासमोरची दुकानं तोंडाला पट्टी बांधल्यासारखी एकेक करून मिटली. वर्दी शिवणारा गेला. भरतीच्या पोरांचे फोटो काढणारा गेला. पत्र्याच्या ट्रंका करून त्यांवर पांढऱ्या रंगात नावं घालणारा राहिला, कारण त्याला जायला जागा नव्हती. तो रिकाम्या ट्रंकांवर दिवसभर हातोडा आपटत बसायचा. एकदा चुकून एक जवान बूट घ्यायला बाजारात आला, तर त्याला आपल्या दुकानात ओढण्यावरून ट्रंकवाल्याने बूटवाल्याचा दात पाडला. जवान बूट न घेताच पळाला.

कुत्रीसुद्धा बिघडली. भटारखान्याच्या उष्ट्यावर पोसलेली ती कुत्री एके काळी इतकी लठ्ठ होती, की भुंकायचा आळस करायची. आता टोळीने फिरायची. दूधवाल्याची पोटरी त्यांनी हाडापर्यंत फोडली. लोकांनी काठ्या घेऊन दोन कुत्री भर रस्त्यात ठेचली, आणि ठेचून झाल्यावरही बराच वेळ मारतच राहिले. कडकने ते लाँड्रीच्या दारातून पाहिलं. मारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर त्याला राग दिसला नाही, उलट हातांना काहीतरी काम मिळाल्याचं समाधान दिसलं.

मग बातमी आली की पंपही हलवणार. गावाच्या नळाला पाणी छावणीच्या पंपावरून यायचं. पूर्वी कुठल्याशा मोठ्या साहेबाने मेहेरबानी म्हणून ती नळजोडणी करून दिली होती. आता साहेब गेला आणि मेहेरबानीही निघाली.

लाँड्रीच्या आतल्या फळीवर एक वर्दी पडून होती. पलटणीतल्या एका डावखुऱ्या साहेबाची. पलटणीला रातोरात निघायचा हुकूम आला आणि साहेब कपडे न नेताच गेला. कडकने ती जपली होती. धूळ बसली की धुवायची, पुन्हा खळ, पुन्हा इस्त्री. बायको त्याला हसायची.

धाकट्याला दगड बसला त्याच्या दुसऱ्या सकाळी कडकने कात्रीने खांद्यांवरच्या पट्ट्या उसवल्या आणि वर्दी धाकट्यापुढे धरली.

"घाल."

"दादा, वेड लागलं का?"

"पट्ट्या काढल्यात. आता तो नुसता कपडा आहे. टोपी पुढे ओढायची, तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलंस की संपलं, लगेच ओळखतील. नुसती शिट्टी मारायची आणि उभं राहायचं. लांबून बघूनच पळतील."

"दुसऱ्याची ठेव आहे ती," बायको चुलीपासून म्हणाली. "तुम्ही आजवर कुणाच्या खिशातलं नाणंसुद्धा ठेवून घेतलं नाहीत."

हे खरं होतं. कपडा पाण्यात टाकण्याआधी खिसे उलटे करायचे हा त्याचा नेम. जे सापडेल ते चिठ्ठी लावून परत द्यायचा. त्याच चिठ्ठ्या बांधायच्या लाल दोऱ्याची वेणी घालून वहिनीने धाकट्याच्या शिट्टीला गोफ करून दिला होता.

"त्याचं डोकं पुन्हा फुटलं म्हणजे?" कडक तिच्यावर खेकसला. तो खेकसायचा क्वचित, म्हणून ती पुन्हा चुलीकडे वळली.

धाकट्याने वर्दी चढवली. मापात बसली. खळ घातलेलं कापड अंगावर करकरलं. त्याने टाच आपटून वहिनीला सलाम ठोकला आणि तिला हसू आवरेना. बाहीवरची घडी सुरीच्या धारेसारखी उभी होती. कडकने ती बोटाने चाचपली, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "जा."

दुपारी ट्रक आला, पंप उचलायला.

बाजारात आरडाओरडा उठला तेव्हा कडक कोणाचीशी चादर इस्त्री करत होता. बाहेर झिरोकट शटर खाली ओढत होता. शटर ओढायचा आकड्याचा लोखंडी गज त्याने नेहमीसारखा कोपऱ्यात ठेवला नाही, हातातच घेतला.

"चल रे! पंप नेतायत! पोटावर पाय दिला तो दिला, आता तोंडचं पाणीही नेतायत!"

"तू हो पुढे. इस्त्री विझवून आलोच."

तो इस्त्री बाजूला ठेवतो, चादर उचलतो, तोच त्याच्या ध्यानात आलं. पंपघर बराकींच्या मागेच होतं. धाकटा तिथेच असणार, वर्दी घालून. चादर तिथेच टाकून तो धावत सुटला.

तो पोचेपर्यंत ट्रकची काच फुटली होती आणि ड्रायव्हर ट्रक मागे घेऊन पळाला होता. सगळं तिथेच थांबायला हवं होतं. पण ट्रक पळाला तरी हातांतले दगड हातांतच होते. तेवढ्यात पंपघराच्या मागून कर्कश शिट्टी वाजली आणि टोपी पुढे ओढलेला, ताठ वर्दीतला एक माणूस पुढे आला. भावाने सांगितलं होतं तसाच तो उभा राहिला. तोंडात शिट्टी, पाय रोवलेले.

"हा बघा राहिलाय एक!" कोणीतरी ओरडलं.

पहिला दगड त्याच्या तोंडावर बसला. शिट्टी दातांत रुतली असावी, कारण त्यानंतर त्याच्या तोंडून शब्द असा निघालाच नाही. तो वाकला आणि माणसं त्याच्यावर तुटून पडली. काठ्या, लाथा, ट्रंकवाल्याचा हातोडा. कडकला हे सगळं नुसत्या पाठी दिसत होत्या त्यावरून कळलं. तो त्या पाठींना ओढत होता, बुक्क्या मारत होता, "अरे तो आपला आहे! आपला!" म्हणून बोंबलत होता. पण तिथे प्रत्येकजणच बोंबलत होता. कोणाचंतरी कोपर त्याच्या नाकावर बसलं आणि तो खाली पडला. मग पायांच्या जंगलातून त्याला एक बाही दिसली. मातीत, रक्तात, तरीही घडी मोडली नव्हती. ती घडी त्याने सकाळीच चाचपली होती.

मारणं जसं सुरू झालं तसंच थांबलं. कोणीतरी त्या माणसाला पायाने उताणा केला होता आणि टोपी घरंगळली होती. मग धावणाऱ्या पावलांचा आवाज झाला आणि पंपघरापुढे दोन भाऊच उरले. धाकट्याच्या तोंडाच्या जागी जे होतं त्यातून एक बुडबुडा आला आणि फुटला. कडकने त्याचं बोडकं डोकं मांडीवर घेतलं. काल तुरटी दाबून बंद केलेली जखम तशीच शाबूत होती, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो गुरासारखा ओरडला.

पोलीस आले. कोणी मारलं? जमावाने. जमावात कोण होतं? जमाव होता. दोघातिघांना उचललं आणि सोडलं. ट्रक परत आला नाही, पंप राहिला, आणि गावाच्या नळाला रोज ठरल्या वेळी पाणी येत राहिलं.

अंत्ययात्रेला सगळा बाजार लोटला. सगळ्यांत मोठ्याने झिरोकट रडला. खांदा दिला तो त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. आणि मग एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. घरोघरचे लोक लाँड्रीत कपडे टाकायला लागले. ज्यांनी जन्मात कधी इस्त्रीचे पैसे मोजले नव्हते ते गाठोडी घेऊन यायचे, फळीवर ठेवायचे आणि नजर चुकवून जायचे. पलटणी गेल्यापासून कधी नव्हतं इतकं काम साठलं. कडक मान खाली घालून धूत राहिला. दुसरं काय करणार?

एका सकाळी झिरोकटची बायको नेहमीसारखं गाठोडं घेऊन आली.

"भावजी, ह्यातला एक शर्ट तेवढा बघा हो. ह्यांनी खाटेखाली बोळा करून टाकला होता, मला काल झाडताना सापडला. गिऱ्हाइकाला कापलं असेल कुठेतरी. निघेल ना डाग?"

"बघतो," कडक म्हणाला.

ती गेली. त्याने शर्ट पसरला. कॉलरच्या आत त्याने स्वतःच कधीकाळी काळ्या शाईने घातलेली झिरोकटची खूण होती. उजवी बाही कोपरापर्यंत तपकिरी झाली होती, छातीवर शिंतोडे होते. गिऱ्हाइकाला कापलं असेल, असं त्यानेही स्वतःला सांगून पाहिलं. पण दुकानात गिऱ्हाईक होतं कुठे? आणि मग, वर्षानुवर्षांचा नेम म्हणून, त्याने खिसा उलटा केला.

फळीवर शिट्टी पडली. दाताने चेपलेली. लाल दोऱ्याची वेणी रक्ताने काळी पडून कडक झाली होती.

बायको मागे येऊन कधी उभी राहिली त्याला कळलं नाही. तिने शिट्टी उचलली, वेणीवरून अंगठा फिरवला.

"पोलिसांत जाऊ या," ती म्हणाली.

"ते म्हणतील जमाव होता."

"मग?"

कडकने नळाखाली बादली सरकवली, शर्ट पाण्याच्या धारेखाली धरायला उचलला आणि हात तसाच थांबला. गार पाणी, थोडं मीठ, जरा धीर, की डाग अजूनही फिका पडला असता. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याने शर्ट बाजूला ठेवला.

"भट्टी पेटव," तो म्हणाला.

"गरम पाणी?"

"उकळतं."

तिने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग लाकडं आणायला गेली. तिने इतकी लाकडं घातली, की झाकण थडथड उडायला लागलं. त्याने शर्ट काठीने आत ढकलला आणि शिजू दिला. बाहेर काढला तेव्हा बाकीचा शर्ट पांढराशुभ्र झाला होता आणि डाग कापडातलाच झाला होता, रंगवल्यासारखा. मग त्याने खळ केली. साहेबांच्या वर्दीला करायचा तशी, दाट. बाहीवर घडी घातली. अशी सुरेख घडी त्याच्या हातून फार दिवसांत उतरली नव्हती.

झिरोकट दुकानात एकटाच बसला होता. कडक आत आला, घडी केलेला शर्ट आरशापुढच्या फळीवर ठेवला, त्यावर शिट्टी ठेवली आणि खुर्चीत बसून मान मागे टाकली.

"दाढी कर."

आरशात झिरोकटचा चेहरा पांढरा पडत गेला. त्याने शर्टाला हात लावला नाही.

"कडक…"

"तो घाल आणि दाढी कर."

झिरोकटने अंगातला शर्ट काढला. उघड्या अंगाला घाम सुटला होता. खळ घातलेल्या बाह्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या सोडवताना करकर आवाज झाला. त्याने बटणं लावली. मग फेस केला, कडकच्या गालांवर लावला आणि वस्तरा उघडला. कडकने डोळे मिटले नाहीत. पातं गळ्याला लागलं तरी तो आरशातल्या त्या बाहीकडेच बघत होता.

"मी दोनदाच मारलं रे," झिरोकट पुटपुटला. "गजाने. दोनदाच. मग टोपी पडली आणि… आदल्या दिवशी मीच कापले होते ते केस. शिट्टी तिथेच पडली होती. का उचलली मला माहीत नाही. मला कळलंच नाही रे की तो आहे!"

"कळू नये म्हणूनच तर घातली होती मी त्याला ती वर्दी."

वस्तरा कडकच्या हनुवटीखाली थांबला. रस्त्यावर कुत्री भांडत होती. दोघांपैकी एकाचा हात किंवा दुसऱ्याची मान जराशी हलली असती, तरी सगळं संपलं असतं.

"पोलिसांत चल," झिरोकट म्हणाला. "मी सांगतो. ट्रंकवाल्याचं, माझं, सगळ्यांचं सांगतो. शपथ."

"सांग. तुझं तू बघ," कडक म्हणाला. "माझं एवढंच, की हा शर्ट रोज घालायचा. दुकान उघडशील तेव्हा अंगात हा पाहिजे. मळला, की नेहमीसारखा माझ्याकडे टाक. मी गरम पाण्यात धुवून देईन."

झिरोकटने मान हलवली.

"एक गाल राहिलाय," कडक म्हणाला.

झिरोकटने डोळे पुसले आणि दुसऱ्या गालाला हात घातला. पातं वर जाई, खाली येई. प्रत्येक वेळी ती ताठ बाही कडकच्या कानाला घासून करकरत होती. वहिनीला सलाम ठोकताना धाकट्याची बाही अशीच करकरली होती. आता कडकने डोळे मिटले.